दोन रंगांची जीप

रिकामं स्टूल

स्टुलावर लाल मखमलीचा तुकडा होता आणि मखमलीवर काहीच नव्हतं.

गहिनीनाथ बोठे यांनी ही रिकामी जागा गोरक्षनाथ हराळला तिसऱ्यांदा दाखवली. हराळ नगरच्या भिंगार रस्त्यावरच्या जकात नाक्यावर कारकून होता. दिवसभर तो येणाऱ्याजाणाऱ्याला पिशवीत काय आहे म्हणून विचारायचा आणि दिवसभर लोक त्याला काही नाही म्हणून सांगायचे. एवढ्या भांडवलावर अख्ख्या गल्लीने त्याला गुप्त पोलीस ठरवलं होतं. त्याला स्वतःला यातलं काही नको होतं.

"नीट बघ," बोठेशेठ म्हणाले.

नसलेली वस्तू नीट कशी बघायची, हे हराळने विचारलं नाही.

नसलेली वस्तू म्हणजे वीतभर लांबीची पत्र्याची जीप. बोठे लष्कराने मोडीत काढलेल्या जीपा लिलावात घेत. नाक्याला लागून त्यांची शेड होती. तिथे बाबाजान मिस्त्री त्या जीपांची शौकीन लोकांसाठी नवी गाडी करत. गादीच्या सीटा, पट्ट्यापट्ट्यांचं छत, झगमगीत रंग. लढाईवरची गाडी सहलीला निघायची. गिऱ्हाइकाला आधी कळावं म्हणून बाबाजानने ही छोटी जीप केली होती. तिची डावी बाजू लष्करी हिरवी, गाडी येते तशी. उजवी बाजू निळी, गाडी जाते तशी. चाकं फिरायची, स्टिअरिंग वळायचं. शेठ आधी हिरवी बाजू दाखवत, मग हळूच जीप फिरवत, आणि गिऱ्हाईक खिशात हात घालत असे.

दसऱ्याला एका साखर कारखान्याचे चेअरमन ती बघायला घरी येणार होते. पसंत पडली तर शेडला वर्षभराचं काम. जीप पुन्हा करता येत नव्हती, कारण बाबाजानच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"दसऱ्याला घट उठेपर्यंत जीप इथं पाहिजे," शेठ म्हणाले. "नाहीतर अब्दुल ठाण्यात आणि शेडला कुलूप."

अब्दुल म्हणजे बाबाजानचा मुलगा.

पहिलं उत्तर, शेठचं

सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी अब्दुल ही जीप घरातून शेडमध्ये घेऊन गेला. पुढच्या दिव्याची काच निखळली होती. इथपर्यंत सगळ्यांना मान्य. दिवेलागणीला शेठ घरी आले तेव्हा स्टूल रिकामं होतं. त्यांना वाटलं, काम राहिलं असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे घट बसले आणि त्यानंतर शेडमध्ये विचारलं, तर अब्दुल म्हणाला, मी कालच परत आणून ठेवली.

शेठचं उत्तर सोपं होतं. आणली नाही, विकली.

हराळने शेठच्या पत्नीला, मालनबाईंना विचारलं. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या की त्या दिवशी त्या घटाच्या तयारीत होत्या. एवढं म्हणून त्या आत वळल्या. नवरात्रात त्यांचा उपास होता, तोंड उतरलं होतं. हराळने जास्त ताणलं नाही.

अब्दुल, फक्त उत्तरं

व्हय, सकाळी मीच नेली.

व्हय, मीच आनली. जेवनं झाल्यावर.

न्हाई, पडवीत कुनी नव्हतं. आतून सूप पाखडल्याचा आवाज येत हुता.

स्टुलावर न्हाई ठेवली. स्टूल आतल्या खोलीत. त्या दिवशी त्यांच्या पितरांचं जेवन, मी कशाला आत जाऊ. पडवीत मातीची टोपली हुती, तिच्या शेजारी ठेवली.

मोठी हुती टोपली. आंब्याची असती तेवढी.

हाक न्हाई मारली. मारायला पायजे हुती, माहीत हाय.

दोनी हातांनी धरली, तोंड पुढं करून. गाडी उलट्या तोंडानं कुनाच्या दारात न्यायची न्हाई, बाबांचा नेम हाय. लहान असो न्हाईतर मोठी.

काका, तुमाला पन वाटतं का मी घेतली?

मग बोलत का न्हाई तुमी?

निळी आणि हिरवी

शेडपासून शेठच्या घरापर्यंत एकच सरळ रस्ता. मध्यावर समोरासमोर दोन दुकानं. शेडकडून घराकडे निघालं की उजव्या हाताला कानिफनाथचं गादीकाम, डाव्या हाताला रोशनबीचं बांगड्यांचं दुकान.

कानिफनाथने शिलाई मशीन न थांबवता सांगितलं की त्याने अमावस्येला अब्दुलच्या हातात जीप बघितली. सकाळी की दुपारी, ते ध्यानात नाही. एकदाच बघितली. निळी होती.

रोशनबीनेही बघितली. एकदाच. हिरवी होती.

हे ऐकून कानिफनाथचं मशीन थांबलं. छताचं पट्ट्यांचं कापड त्याच्या दुकानातलं, आणि रंग त्याला सांगणार बांगड्या विकणारी बाई. रोशनबी म्हणाली की जिला उभ्या जन्मात हिरव्या चुड्याशिवाय दुसरं काम नाही तिला तरी हिरवा शिकवू नका. दोघांनी हे भांडण रस्त्याच्या दोन्ही काठांवरून सुरू केलं आणि मग ते रोज दुकान उघडल्यावर चालू ठेवलं.

हराळ मध्ये उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. साक्षीदार दोन मिळाले आणि माहिती एकाचीही उरली नाही, असा प्रकार त्याने नाक्यावरही बघितला नव्हता.

जाता जाता रोशनबी म्हणाली, बोठ्यांच्या वहिनींना बांगड्या भरायला गेले होते, यंदा घट केवढा मोठा घातलाय त्यांनी. टँकरवर हंडे घेऊन बायका मारामाऱ्या करतात, आणि घटाला टोपलीभर माती. हराळने मान हलवली. त्याच्या डोक्यात निळा आणि हिरवा एवढंच होतं.

दुसरं उत्तर, पुन्हा शेठचं

एक निळी, एक हिरवी. म्हणजे जीपा दोन.

शेठना हे भयंकर आवडलं. बाबाजानने गुपचूप दुसरी केली, एक विकली, एक लपवली. ते तडक शेडमध्ये गेले. पत्रे हलवले, पिंपं उपडी केली, सीटांच्या गाद्या फाडल्या. हराळला साक्षीला नेलं होतं, म्हणून तोही धूळ खात उभा राहिला.

बाबाजान बाकावर बसून होते. शेठ जिथे आवाज करत होते तिकडे ते तोंड फिरवत होते. सगळं उपसून झाल्यावर म्हणाले,

"शेठ, येक करताना डोळे गेले. दुसरी कशानं करू?"

शेठ वळले आणि अब्दुलवर ओरडले. अब्दुल फाटलेली गादी उचलून कानिफनाथकडे द्यायला निघून गेला.

तिसरं उत्तर, हराळचं

हे उत्तर हराळला नाक्यावर सापडलं, आणि सापडल्याबरोबर त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पितृपक्षात पुण्याचा एक गृहस्थ नाक्यावर थांबला होता. पिशवीत मोजपट्टी. कशाला, तर म्हणाला, बोठ्यांची शेड मोजायची आहे, टायरांचं गोदाम करायला. हराळला हे आता आठवलं. शेड गोदामाला द्यायची तर बाबाजानला काढायला हवं, आणि वीस वर्षं राबलेल्या मिस्त्रीला काढायला निमित्त हवं. चोर म्हणजे शेठच.

सप्तमीच्या सकाळी तो हे तोंडावर सांगायला गेला. शेठ परसात होते. त्यांनी घरचा पाण्याचा हौद रिकामा करायला घेतला होता. गडी बादलीने पाणी काढून मातीत ओतत होता. बहात्तर साल, पावसाळा कोरडा गेलेला, शेजारच्या गच्चीवरून बायका ते वाहतं पाणी बघत होत्या आणि तोंडाला येईल ते बोलत होत्या. शेठ गुडघाभर गाळात उतरून हातांनी चाचपत होते.

"कुणी आत टाकली असली तर," ते म्हणाले. आवाज रडवेला होता.

हराळ आल्या पावली परत फिरला. स्वतः लपवलेली वस्तू शोधायला कुणी या साली हौद उपसत नाही.

काडेपेटी

अष्टमीच्या दुपारी कानिफनाथ आणि रोशनबीने हराळला रस्त्यात अडवलं. निकाल दे म्हणाले. त्याने वैतागून खिशातली काडेपेटी काढली. तिच्या एका कडेला काडी घासायचा मसाला उरला होता, दुसरीकडचा पार झिजला होता.

तो ती बघत राहिला.

मग शेडपर्यंत मागे गेला, काडेपेटी दोन्ही हातांनी पुढे धरली आणि घराच्या दिशेने चालू लागला. मसाल्याची कड उजवीकडे, कानिफनाथकडे. झिजलेली डावीकडे, रोशनबीकडे. पुढे जाऊन उलटा वळला आणि परत शेडकडे चालला. आता मसाला रोशनबीकडे.

"काय खूळ लागलं का?" कानिफनाथने विचारलं.

जीप एकच होती. डावं अंग हिरवं, उजवं निळं. अब्दुल गाडी तोंड पुढे करूनच धरतो. सकाळी घराकडून शेडकडे जाताना बघितली असती तर कानिफनाथला हिरवी दिसली असती आणि रोशनबीला निळी. दोघं उलटं सांगत होते. म्हणजे दोघांनी एकाच वेळी, जीप घराकडे परत जाताना बघितली. अब्दुल खरं बोलत होता.

"आणि नंतर अब्दुल घराकडून परत आला तेव्हा?" हराळने विचारलं.

"हात हलवत आला की," कानिफनाथ म्हणाला. " माझी काडेपेटी मागून घेतली, ती अजून देतोय."

"हे तू आजवर सांगितलं का नाहीस?"

"तुमी रंग इचारला."

हराळने काडेपेटी खिशात घातली. बिडी ओढायची इच्छाच गेली.

शेठकडे जाऊन त्याने सगळं मांडलं. शेठने दोनदा ऐकून घेतलं. त्यांना समजलं, हीच पंचाईत झाली.

"म्हणजे जीप घरात आली," ते म्हणाले. "आणि घरातून गेली. म्हणजे माझ्या घरात चोर आहे."

"मी फक्त अब्दुल..."

"नीघ. घरचं नाव ठाण्यात जायचं नाही, अब्दुलचंच जाईल. आणि परवा कुलूप लावताना साक्षीला ये."

अर्धा ओलावा

पडवीतून बाहेर पडताना हराळला देवघराचं दार उघडं दिसलं. आत मालनबाई घटाला पाणी घालत होत्या.

रोशनबीने सांगितलं होतं तेवढीच मोठी टोपली. हराळच्या बायकोने यंदा पाण्यावाचून ताटलीत चिमूटभर माती घेऊन घट बसवला होता. पण त्याचे पाय थांबले ते टोपलीमुळे नाही. मडकं टोपलीच्या मधोमध नव्हतं, एका कडेला सरकवलेलं होतं. त्या बाजूचं धान वीतभर उंच आलं होतं. दुसऱ्या बाजूचं विरळ, पिवळट, बोटभर. मालनबाई तांब्यातून पाणी घालत होत्या तेव्हा त्यांचा डावा हात मातीवर आडवा धरलेला होता, ओल तिकडे सरकू नये म्हणून.

नवरात्रात निराहार राहणारी बाई देवीचं अर्धं शेत कोरडं का ठेवील?

पडवीतली मातीची टोपली. तिच्या शेजारी ठेवलेली जीप. आणि आत धान्य पाखडणारी बाई, जिला ही माती न्यायला बाहेर यावंच लागणार होतं. अख्खं घर धुंडाळलं गेलं, शेड फाडली, हौद उपसला. या एका टोपलीला कुणी हात लावणार नव्हतं.

"वहिनी," तो उंबऱ्याबाहेरून म्हणाला, "अर्धं धान कोरडं का ठेवलंत?"

मालनबाईंनी तांब्या खाली ठेवला. खोटं बोलायचं त्यांच्या मनात आलं असावं, पण समोर दिवा तेवत होता.

"पत्रा हाय, भाऊजी. गंजंल."

मग त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. पुण्याच्या माणसाचं आणि शेठचं बोलणं त्यांनी दाराआडून ऐकलं होतं. चेअरमनने जीप बघितली की ती पुण्याला जायची. तिथे तिच्यावरून साचे करून यंत्रावर बॉडी दाबायच्या. इथे गोदाम. बाबाजानचाचांना हे कुणी सांगितलंही नव्हतं. त्यांनी डोळे घालवून केलेल्या वस्तूनेच त्यांची भाकर जाणार होती. अमावस्येला त्या पडवीत आल्या तर जीप मातीशेजारी उभी. काही विचार न करता त्यांनी ती फडक्यात गुंडाळून मातीत दाबली. रात्री काढून दुसरीकडे ठेवू म्हणाल्या. पण सांजेला शेठ लवकर आले आणि त्यांनी स्वतःच टोपली उचलून देवघरात नेली, रात्रभर तिथेच बसले. पहाटे घट बसला. बसलेला घट हलवायचा नाही.

"जड नाही लागली त्यांना टोपली?"

"माती जडच असती."

"आणि अब्दुल?"

मालनबाईंनी मान खाली घातली. "त्याच्यावर येईल, हे डोक्यातच आलं न्हाई. आलं तवा घट बसला हुता. रोज वाटतं सांगावं. सांगितलं तर हे आत्ता मातीत हात घालतील. घट मोडंल, आन् जीप पुन्याला जाईल ती जाईलच."

हराळला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सगळं माहीत झालं होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. सांगितलं तर बाबाजान जातो, नाही सांगितलं तर अब्दुल. आणि ज्या टोपलीत उत्तर होतं तिला तो बोट लावू शकत नव्हता.

कुलूप

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा झाली. हातोड्यांना हळदकुंकू लागत असताना बाबाजान दरवर्षीप्रमाणे बाजूला उभे राहिले, नारळ अब्दुलने फोडला. शेठ एक दिवस आधीच कुलूप घेऊन आले होते.

हराळ म्हणाला, "उद्या घट उठल्यावर जीप देतो. नाही दिली तर चोर म्हणून माझं नाव सांगा ठाण्यात."

"तुझ्याकडं आहे?"

"नाही."

"कुठं आहे माहीत आहे?"

"उद्या."

शेठने कुलूप खिशात घातलं. खिसा फाटेल एवढं ते मोठं होतं.

घट उठला

दसऱ्याला चेअरमन वेळेच्या आधी आले; आयुष्यभर ते सगळीकडे उशिरा गेले होते, पण आज सणामुळे रिकामे होते. पडवीत हराळ होता, बाबाजान आणि अब्दुल होते. दोघांना शेठने निकाल ऐकायला बोलावलं होतं.

मालनबाईंनी मडकं उचललं. टोपली पडवीत आणली गेली. पहिला तुरा घरधन्याने फेट्यात खोवायचा. शेठने उंच, दाट धानाचा झुपका मुठीत धरला आणि ओढला.

झुपका आला नाही. त्यांनी दुसरा हात लावला. माती फुटली आणि मुळांच्या जाळ्यात अडकलेली जीप वर आली. फडकं कुजलं होतं. ओल मालनबाईंच्या हाताखालून शेवटी सरकलीच होती, आणि मुळं ओलीच्या मागे गेली होती. मागच्या सीटवर गव्हाचे चार कोंब उभे होते.

शेठने टोपलीकडे बघितलं. घट कुणी घातला होता आणि टोपली देवघरात कुणी नेली होती, हे दोन्ही त्यांना एकदमच आठवलं असणार. त्यांनी बायकोकडे बघितलं. चोर म्हणायचं तर चेअरमनसमोर तिला म्हणायचं, नाहीतर स्वतःला.

मालनबाई बोलल्या, पण शेठकडे न बघता.

"घटातनं निघालेलं घराबाहेर इकायला काढत न्हाईत."

असा नियम कुणी कधी ऐकला नव्हता. पण घटातून जीप निघालेलीही कुणी बघितली नव्हती. चेअरमननी वाकून सीटवरचा एक कोंब खुडला आणि टोपीत खोवला.

"वहिनी बरोबर बोलल्या. दुष्काळात गाडीत धान आलं, ती गाडी घरातच राहू द्या. मला सांगा, केली कुणी?"

बाबाजान पुढे झाले नाहीत. अब्दुलने त्यांचा दंड धरून एक पाऊल पुढे केलं. चेअरमन त्यांच्याशी चाकांबद्दल बोलू लागले आणि बोलत राहिले. पुण्याचं नाव काढायला शेठला फट मिळाली नाही.

शेवटी शेठ अब्दुलला म्हणाले, "ने रे शेडमध्ये, साफ करून आण."

अब्दुलने हात मागे बांधले.

"मी न्हाई उचलनार. तुमी घेऊन या, शेठ."

रस्ता

हराळ कानिफनाथच्या दुकानात बसला होता. घराकडून शेठ येताना दिसले. फेट्यात तुरा, दोन्ही हातांत जीप, तोंड पुढे. मागून अब्दुल, बाबाजानचा हात धरून. सणाचा दिवस, रस्ता भरलेला. ज्यांनी अब्दुलला चोर म्हटलं होतं ते सगळे दारात आले होते, आणि शेठला कुणाच्या नजरेला नजर देता येत नव्हती.

हराळने हिशेब मांडून ठेवला होता. शेठ घराकडून शेडकडे चालले आहेत. म्हणजे कानिफनाथला हिरवी दिसणार, रोशनबीला निळी. सगळ्या गल्लीदेखत त्याचं म्हणणं सिद्ध होणार.

"काय दिसली?" त्याने कानिफनाथला विचारलं.

"हिरवी."

हराळ उठून रस्ता ओलांडून गेला.

"हिरवीच," रोशनबी म्हणाली. "मी पयल्यापासून काय सांगते?"

हराळने वळून बघितलं. जीप मातीत निळ्या अंगावर पडून होती. ओलीने निळा रंग पापुद्र्यांनी सुटला होता, आणि खाली बाबाजानने आधी दिलेला लष्करी हिरवा जसाच्या तसा होता. दोन्ही बाजूंनी आता ती एकच गाडी होती.

"बघा काका," कानिफनाथ रस्त्यापलीकडून म्हणाला, "उगंच आमचं भांडन लावलं तुमी."

अब्दुल जाताना थांबला. त्याने खिशातून काडेपेटी काढून कानिफनाथच्या मशीनवर ठेवली आणि बापाला घेऊन पुढे गेला.